भिंतीपलीकडचा अमोनिया

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर माझ्या केसांच्या कलपाचा ब्रँडसुद्धा ठाऊक आहे. पण तुम्हाला सांगतो.

मी परतूरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. पीएचडीसाठी मी काचपट्टीवर पॉर्फिरिनचा पातळ थर चढवायचो. रक्ताला लाल करणाऱ्या रेणूचंच हे भावंड. फक्त याच्या पोटात लोखंडाऐवजी जस्त. हवेतला अमोनिया त्या जस्ताला येऊन चिकटला, की जांभळी काच हिरवट होते. किती अमोनिया लागतो? नाकालाही कळणार नाही, इतका.

मार्गदर्शक सर काम बघायला आले तो दिवस एप्रिलमधला. उकाडा म्हणून मी खिडकी उघडी ठेवलेली. सर म्हणाले, दाखवा. मी डबीतून काच काढली — आणि अमोनियाची बाटली उघडायच्या आधीच ती हिरवी! सरांचा चेहरा कडक झाला. थर खराब, की बाटली गळकी? थर खराब म्हणजे माझी चार वर्षं पाण्यात.

थर उत्तम होता हो. इतका उत्तम, की — कसं सांगू? खिडकीमागे कंपाउंडची भिंत आहे. स्टाफच्या बाथरूमची किल्ली हेडक्लार्ककडे, आणि ती मागायची तर त्याच्या चार प्रश्नांना उत्तरं द्यायची. म्हणून मी रोज दोन तासांच्या मध्ये भिंतीकडे... रोज म्हणजे रोज. एप्रिलच्या उन्हात तिथून कसली वाफ उठते, हे मला वेगळं शिकवायची गरज नव्हती.

मग मी काय केलं? म्हणालो, "किसनमामांनी बूच नीट लावलं नसेल, सर."

किसनमामा आमच्या प्रयोगशाळेचे शिपाई. बूच लावण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. "बूच म्या बराबर लावल्तं, सर," एवढंच बोलले. सरांनी त्यांना माझ्यादेखत झापलं आणि मी रजिस्टर चाळत राहिलो. खिडकी बंद करून दुसरी काच काढली, ती शहाण्यासारखी वागली. मला पीएचडी मिळाली. मामांना 'बूचमामा' हे नाव मिळालं — पोरंसुद्धा त्याच नावानं हाक मारायची. घरी जाताना मामा फाटकापर्यंत जाऊन परत यायचे आणि एकेक बूच दाबून बघायचे. ते बघताना मला लाज वाटायची. तरी मी गप्पच.

निवृत्तीच्या दिवशी सकाळी मामांनी त्या भिंतीला स्वतःच्या हातानं देवांच्या चित्रांच्या फरशा चिकटवल्या. बरोबर मी उभा राहायचो तिथंच. देवासमोर कोण चेन उघडणार? सिमेंटचे हात पुसत म्हणाले, "आता काच न्हाई बिघडायची, सर."

म्हणजे त्यांना माहीत होतं. पहिल्या दिवसापासून.

दुपारी निरोपसमारंभ झाला. मामांच्या प्रामाणिकपणावर मी पंधरा मिनिटं बोललो. बाटलीचं नाव काढलं नाही. पहिल्या रांगेत बसून मामाही टाळ्या वाजवत होते.