दारावर आलेल्या मुली

ताई गेली तेव्हा माझा प्रबंध अर्धा झाला होता. विषय होता नर्सिंग शिकणाऱ्या मुलींचा आत्मसन्मान आणि मनःस्वास्थ्य. नंदुरबारच्या ज्या कॉलेजात मी शिकवते, तिथल्याच मुलींना मी प्रश्नावली दिली होती. 'हाती घेतलेलं काम मी निभावून नेते', 'माझ्या असण्यानसण्यानं कुणाला फरक पडत नाही', अशी वाक्यं आणि पुढे सहमत, असहमत. उत्तरं फार छान आली. माझ्या मार्गदर्शक बाई ती चाळून म्हणाल्या होत्या, "इतक्या सुखी मुली तुला सापडल्या कुठे?" त्यावर मी विचार करणार होते. मग ताईचं दुखणं वाढलं.

ताई माझी मोठी बहीण. धडगावला दवाखान्यात नर्स होती. सुट्टीत घाट उतरून आमच्या गावी, ब्राह्मणपुरीला आली की पहिला दिवस नुसती पडून राहायची. "तू वाच मोठ्यानं, मी ऐकते," म्हणायची आणि पान उलटण्याआधी झोपून जायची. मला या पेशात तिनंच आणलं. तेव्हा एकच गोष्ट बजावली होती: "गणवेशात रडायचं नाही. रडायचं तर कपडे बदलून." ती स्वतः कपडे बदलून रडायची का, मला माहीत नाही. मी कधी पाहिलं नाही.

आमच्याकडे कुणी गेलं की लोक दारावर येतात. बायका गल्लीच्या तोंडापासूनच मोठ्यानं रडत येतात, आईच्या गळ्यात पडतात, मग पाणी पितात आणि हळूहळू ज्याचे त्याचे गेलेले आठवू लागतात. कुणाची सासू, कुणाचं तान्हं. ताईसाठी आलेली बाई स्वतःच्या भावासाठी रडून जाते आणि त्यात कुणालाच वावगं वाटत नाही. मला मात्र रडू येत नव्हतं. मी चहा करत होते.

दहावं झाल्यावर एका दुपारी माझ्या वर्गातल्या काही मुली आल्या. चपला काढून भिंतीशी ओळीनं बसल्या, तास सुरू व्हायची वाट बघत असल्यासारख्या. सगळ्यांजवळ लहानशा पर्स होत्या. एकीजवळ मात्र भली मोठी बॅग होती, चेन तुटलेली, वरून ओढणीनं बांधलेली. ती डोंगरातली पावरा आदिवासी मुलगी. वर्गात कधी बोलायची नाही.

आईनं तिलाच विचारलं, "कोठली शे वं तू?"

"धडगावच्या पुढं, आजी."

"मन्ही पोर तठेच व्हती," आई म्हणाली आणि रडू लागली.

तिच्या पाठोपाठ ती मुलगी रडू लागली आणि थांबेचना. बाकीच्या अवघडल्या. वर्गप्रतिनिधीनं तिला कोपरानं ढोसलं. "अगं, तू तर मॅडमच्या ताईंना बघितलं पण नव्हतं. गप ना."

"रडू दे तिले," आई डोळे पुसत म्हणाली. "ती मन्ही पोरकरता नही रडी ऱ्हायनी." मग तिच्या पाठीवर हात ठेवला. "कोन गयं वं माय तुन्हं?"

तिचं कुणी गेलं नव्हतं. वॉर्डात तिच्याच भागातली एक म्हातारी होती. पावरीत बोलणारी ही एकटीच, म्हणून म्हातारी हिच्याच हातून जेवायची. एका सकाळी ही ड्युटीवर गेली तर त्या खाटेवर धुतलेली चादर घातलेली होती. ही तिथंच रडली. "गणवेशात रडतेस? जमत नसेल तर घरी जा," असं कुणीतरी सुनावलं.

"म्हणून चालले मॅडम. इथून परत जाणारच नाही, शहाद्याहून वर जीप आहे. नाव कमी करते. मी नर्सच्या लायकीची नाही."

मी म्हटलं, "पण प्रश्नावलीत तर तुम्ही सगळ्यांनी..."

मुली एकमेकींकडे बघू लागल्या. शेवटी प्रतिनिधी म्हणाली, "मॅडम, ते आम्ही आदल्या दिवशी होस्टेलवर बसवलं होतं."

"काय बसवलं?"

"उत्तरं. चांगली नर्स काय लिहील ती. आम्हाला वाटलं इंटर्नलचे मार्क आहेत. हिच्याकडून तर पाठच करून घेतलं."

"माझं एक पण चुकलं नव्हतं," ती हुंदका देत म्हणाली.

एक मुलगी फिस्सकन हसली. मग मलाही हसू आलं. ताई गेल्यापासून त्या घरात कुणी हसलं नव्हतं. आईला काही कळलं नाही. ती त्या मुलीला विचारत होती, "जेवनी का?"

ती आदल्या दिवसापासून जेवली नव्हती. शेजारणीनं आणून दिलेली भाकर आणि दाळ आईनं तिच्यापुढे ठेवली. तिचं खाणं होईपर्यंत मी शेजारी बसले.

"घरी जा," मी म्हटलं. "हवं तितकं रड. सुट्टीचं मी बघते. नाव मात्र इतक्यात कमी करू नकोस. ताईची खोली रिकामी करायला मला धडगावला यायचंच आहे. तेव्हा ये आणि काय ते सांग."

तिनं ताट धुऊन ठेवलं. जाताना बॅग घेऊन गेली.

धडगावला जाणं मी पुढे ढकलत होते. शेवटी पुढच्या आठवड्यात गेले. ताईच्या खोलीच्या पायरीवर ती बसलेली होती. निरोप धाडला होता, पण ती येईल याची मला खात्री नव्हती. आम्ही भांडी बांधली, पुस्तकं बांधली. दोरीवर ताईचे गणवेश वाळत होते, धुऊन घातलेले, तसेच राहिलेले. ती एकेक काढून घड्या घालू लागली, वॉर्डात शिकवल्या तशा, कोपऱ्याला कोपरा लावून. मी बघत होते आणि बघता बघता मला रडू फुटलं. पुष्कळ वेळ रडले. तिनं पाणी आणून दिलं आणि पुन्हा घड्या घालत बसली. मला गप करायला गेली नाही.

सामान जीपच्या टपावर चढलं. ती रस्त्याच्या कडेला उभी होती. मी अजून काही विचारलं नव्हतं, विचारायची भीती वाटत होती. तेवढ्यात तिनं भिंतीआडून ती ओढणीनं बांधलेली बॅग उचलून आणली.

"खाली शहाद्याला किती जणी?" ड्रायव्हरनं विचारलं.

"दोघी," मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली आणि ताईच्या गणवेशांचं गाठोडं मांडीवर घेऊन आत सरकून बसली.