दुसऱ्या ताटलीची वाट

पहाटे पाचला तैसिया स्टुडिओत येऊन सरसाची शेगडी पेटवायची. गिलाव्यात घालायचा सरस सावकाश वितळवावा लागतो, घाई केली की भिंतीवर गाठी उठतात. सिनेमाच्या सेटवर दारं बनवणं माझं काम, गिलावा तिचा.

चौऱ्याण्णव साल, पीटर्सबर्ग. एका जुन्या, विचित्र कादंबरीवर सिनेमा होता. एक माणूस किल्ली परत करायला मोठ्या इमारतीत शिरतो आणि ती कोणीच घेत नाही. तेवीस दारांची बोळ हवी होती, साठ वर्षं जुनी दिसणारी. तैसियाने तीन थर दिले, काजळी चोळली, धुतली, पुन्हा चोळली.

चित्रीकरणाच्या पहिल्या दिवशी शुभशकुन म्हणून दिग्दर्शक कॅमेऱ्याच्या तिपाईवर ताटली फोडतो, अशी तिथली रीत. तुकडे सगळे जपून ठेवतात. त्या दिवशी ताटली निसटून खालच्या जाड लोकरी नमद्यावर पडली. अखंड. कोणी हसलं नाही.

"नमदा कोणी घातला?" दिग्दर्शक वालेरियान ओसिपोविचने विचारलं.

"मी," तैसिया म्हणाली. "ओल्या गिलाव्यावर धूळ बसते."

"गिलावा वाचला, बाई. सिनेमा गेला."

मुख्य नट घसा बसला म्हणून त्याच दुपारी मॉस्कोला गेला. तो आला की दुसरी ताटली फोडायची. पहिल्या ताटलीला हजर असलेला एकही माणूस तोवर कमी झाला तर पुन्हा अपशकुन, म्हणून कोणी जायचं नाही, असं ठरलं. पगारही चित्रीकरण सुरू झाल्यावर.

मंगळवारी दूर उत्तरेतल्या वोर्कुताहून तैसियाला तार आली. तिचा भाऊ रोदिओन शेवटच्या घटका मोजत होता. गाडीने दोन रात्री. तिकिटाचे पैसे ना तिच्याकडे, ना माझ्याकडे. ती पगाराची उचल मागायला गेली.

"चारच दिवस थांबा," वालेरियान ओसिपोविच म्हणाला.

"थांबणं त्याच्या हातात नाही."

"माझ्याही नाही, तैसिया लुकिनिच्ना."

ती परत येऊन कोपऱ्यातला गिलावा खरवडू लागली.

"ताया," मी हाक मारली, "तो कोपरा झालाय की."

"ठाऊक आहे."

"मग?"

"नुसती उभी राहून काय करू? घमेलं इकडे सरकव."

तो कोपरा तिने चारदा केला. चारही वेळा तितकाच चांगला.

पहिल्या तारेनंतर सहाव्या दिवशी दुसरी तार आली: रोदिओनला पुरलं. तिने ती एप्रनच्या खिशात ठेवली आणि सरस ढवळला, कारण तो तळाला लागायला आला होता.

नट नवव्या दिवशी आला. या वेळी नमदा तिनेच गुंडाळून ठेवला. ताटली फुटली. तिच्या वाट्याला निळ्या काठाचा तुकडा आला. वालेरियान ओसिपोविचने तिचा हात हातात घेतला. "आता सगळं सुरळीत होईल."

"हो," ती म्हणाली.

संध्याकाळी पगार झाला. त्यातून वोर्कुताचं तिकीट आलं, आणि भावाच्या मृत्यूनंतर चाळिसाव्या दिवशी शिजवतात त्या गोड गव्हात घालायला पाव किलो मनुका.