इस्माईलचाचांचं इंग्रजी

इस्माईलचाचा काल सकाळी गेले.

चौथीनंतर शाळा सोडलेला हा माणूस माझ्यापेक्षा चांगलं इंग्रजी बोलायचा. आणि मी इंदापुरात ज्युनिअर कॉलेजला एकोणीस वर्षं इंग्रजी शिकवतेय.

भिगवणजवळ, उजनी धरणाच्या पाण्यावर त्यांची होडी. आधी मासळीचा धंदा होता. थंडीत फ्लेमिंगो बघायला लोक यायला लागले, तेव्हा जाळं बाजूला ठेवून चाचा माणसं फिरवायला लागले.

सहा वर्षांपूर्वी एका रविवारी मी पहिल्यांदा तिथे गेले. होडीत चढायला एक परदेशी बाई उभ्या होत्या. सत्तरीच्या, गळ्यात भलामोठा कॅमेरा. चाचा त्यांना हात देत म्हणाले,

"यू मस्ट बी टायर्ड, मॅडम. सीट मे बी वेट. बर्ड्स कॅन बी व्हेरी शाय."

मी बघतच राहिले.

माझ्या वर्गातली मुलं 'ही मस्ट टायर्ड' लिहितात. मधला 'बी' सरळ गिळतात. मी दरवर्षी फळ्यावर तक्ता काढते, कॅन, मे, मस्ट, शुड, पुढे विशेषण आलं की मध्ये 'बी' हवाच. दरवर्षी निम्मा वर्ग तो पेपरात विसरतो.

आणि हा माणूस दोरी सोडता सोडता, तिन्ही 'बी' जागच्या जागी!

"चाचा, कुठं शिकलात?"

"हितंच. पाण्यावर."

मग वल्ह्यानं होडी लोटत म्हणाले, "पयल्या वर्षी मी म्हणायचो, बर्ड्स आर देअर. जाऊन बघावं तर पाखरं उडालेली. पाव्हणं चिडायचं. मग पुण्याचं एक साहेब म्हणलं, चाचा, 'मे बी' म्हणत जावा. तवापासनं कान दिऊन ऐकाय लागलो, कोण कवा काय म्हणतंय ते."

"मग 'मस्ट' कधी म्हणायचं?"

त्यांनी हळूच त्या बाईंच्या बुटांकडे बोट केलं. घोट्यापर्यंत चिखल.

"लांबनं चालत आल्यात. डोळं बघा की. म्हणून मस्ट बी टायर्ड. मस्टला पुरावा लागतो, म्याडम. पुरावा नसंल तर मे."

मी मनात मराठीत म्हणून पाहिलं.

दमला असाल. दमला असावा. दमलेला असू शकतो. आपण मराठीतसुद्धा दिवसभर खात्री अशी तोलूनच बोलतो. एवढी वर्षं शिकवताना ते माझ्या कधी कानावरच पडलं नव्हतं.

आकाश थोडं गढूळ होतं. बाईंनी वाऱ्याचं विचारलं. "शुड बी ओके," चाचा म्हणाले.

पण परतताना वारा उठला.

उजनीचं पाणी ज्यांनी वाऱ्यात पाहिलंय त्यांना माहितीय. दहा मिनिटांत लाटा काठावरून आत यायला लागल्या. इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. मी लाइफ जॅकेटचा पट्टा मुठीत धरून बसले होते. बाई पांढऱ्याफटक.

"आर वी गोइंग टू डाय?"

चाचांनी वल्हं उचललं. आवाज जराही चढला नाही.

"यू मस्ट बी स्केअर्ड, मॅडम. सिट लो. वी विल बी सेफ."

तासाभरापेक्षा जास्त वेळ तो साठीचा माणूस एकटा वल्हं मारत होता. आम्ही निघालो त्या काठाला नाही, भलत्याच काठाला लागलो. पण लागलो.

उतरल्यावर बघितलं तर त्यांच्या दोन्ही तळहातांची सालं निघाली होती.

मी विचारलं, "चाचा, निघताना 'शुड' म्हणालात. आणि एवढ्या लाटांत 'विल'?"

"भ्यालेल्या माणसाला शुड दिऊन काय उपेग? मी विल म्हणलं. आन येकदा विल म्हणलं की मग पोचवायलाच लागतंय."

दुसऱ्या दिवशी मी वर्गात तक्ता काढला नाही. ही गोष्ट सांगितली. त्या वर्षी 'बी' फार कमी जणांनी गिळला.

मग दर हिवाळ्यात मी मुलांना घेऊन त्यांच्याकडे जायला लागले.

गेल्या महिन्यात त्यांना बारामतीला ॲडमिट केलं. फुप्फुसं. मी भेटायला गेले तेव्हा डॉक्टर त्यांच्या मुलाशी, सलीमशी, बोलत होते. पेशंटला कळू नये म्हणून इंग्रजीत.

"रिकव्हरी मे बी डिफिकल्ट."

कॉटवरून आवाज आला.

"डॉक्टर, मे बी? ऑर विल बी?"

डॉक्टर वळले. तरुण मुलगा होता. कॉटच्या कडेला बसून त्यानं चाचांचा हात हातात घेतला.

"विल बी, चाचा. व्हेरी डिफिकल्ट."

"थँक्यू, सर," चाचा म्हणाले. मग सलीमकडे बघून, "चल मग. घरी ने मला."

त्या खोलीत डॉक्टर, सलीम आणि मी, तिघं शिकलेले होतो. खरं विचारायची हिंमत एकट्या चाचांना झाली.

घरी ते सव्वीस दिवस जगले. रोज खाट पाण्याकडे तोंड करून टाकायला लावायचे, सलीम सांगत होता.

काल दुपारी दफन झालं. पुरुष कब्रस्तानात गेले होते, मी घरात हमीदाचाचींजवळ बसले होते.  त्या म्हणाल्या,

"म्याडम, लोक म्हणत्यात ह्यांचं इंग्रजी लई भारी. घरात कधी बोलले न्हाईत. मला येतंय कुठं. काय बोलायचे हो?"

मी म्हटलं, "फेरी संपली की पाहुण्यांना म्हणायचे, 'यू मस्ट बी हंग्री.'"

"म्हंजी?"

"म्हणजे, तुम्हाला भूक लागली असेल."

चाचींनी पदर तोंडाला लावला. हसत होत्या की रडत होत्या, कळेना.

"येवढंच व्हय? हे तर मला रोज म्हणायचे."

चाचा, आरामात झोपा.
तुमची एक विद्यार्थिनी.