फाटकवाल्याचा वकील

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी फुलंब्रीला लेकीकडं होते. रडू आलं नाही, राग आला... तो अजून उतरलेला नाही. शोकसभेनं त्यात भरच घातली. वकिलीची सनद गेल्यावर ज्यांनी कोर्टाच्या व्हरांड्यात त्याच्याकडं पाठ फिरवली, तेच माईक धरून सांगत होते, ‘मराठवाड्याचा वाघ गेला.’ मी मधूनच उठून आले.

माझा हा थोरला भाऊ निजामावर पोलीस ॲक्शन झाली त्या साली जन्मला. अंगानं दांडगा, आडात पडलेलं वासरू त्यानं एकट्यानं खांद्यावर वर आणलं होतं. पुढं औरंगाबादला वकील झाला. करमाडच्या पलीकडं एका ठेकेदाराची दगडखाण होती. काम संपलं की तो मजुरांना शेडमध्ये कोंडून फाटकाला कुलूप लावी. अण्णानं त्यांच्यासाठी कोर्टात अर्ज केला. तारखांवर तारखा पडत गेल्या... आणि त्या शेडमध्ये एक बाई बाळंतपणात मेली. कुलूप उघडायला कुणी आलं नाही.

त्यानंतरच्या बाजारच्या दिवशी, भर दुपारी, तोंडाला उपरणं गुंडाळलेला एक माणूस खाणीवर गेला. त्यानं कुलूप तोडलं, लोखंडी फाटक बिजागरीतून उचकटून फेकलं, माणसं बाहेर काढली. आडव्या आलेल्या राखणदाराचा हात मोडला. मग दुसरी खाण, मग वीटभट्टी. लोक त्याला फाटकवाला म्हणू लागले. त्याला गोळी लागत नाही, असंही म्हणत. मी शिकवायचे त्या शाळेतली पोरं मधल्या सुट्टीत फाटकवाला-फाटकवाला खेळत.

पोलिसांनी धरला तो रामा. करमाडचा मेंढपाळ, उंचापुरा, बोलायला भिडस्त. राखणदारानं ‘हाच तो’ म्हणून बोट दाखवलं. अण्णानं रामाचं वकीलपत्र घेतलं. मी कौतुकानं त्याला जेवायला बोलावलं, आणि ताटावरच तो म्हणाला, ‘सुमन, फाटकवाला मीच.’

मी विचारलं, ‘अन् रामा?’

‘त्याला मी सोडवतो. कायद्यानंच.’

‘खरं सांगून टाक की.’

‘मी आत गेलो तर बाकीची कुलपं कोण तोडील?’

‘एकाला कुलपात ठेवून बाकीची तोडायलास व्हय, अण्णा?’

तो जेवण टाकून उठला.

सारा पावसाळा रामा हर्सूलच्या तुरुंगात होता. त्याची बायको एकटी मेंढरांमागं. रोग आला, निम्मा कळप गेला. अण्णा दर तारखेला काळा कोट घालून बाजू मांडायचा. सगळं खरं बोलायचा, एवढं एक सोडून. निकाल जवळ आला तेव्हा रामा भर कोर्टात त्याच्या पाया पडला. ‘सायेब, आमचे फाटकवाले तुमीच.’

अण्णाला ते सोसलं नाही. तो न्यायाधीशांकडं वळला. ‘राखणदाराचा हात मी मोडला. तोडलेलं कुलूप मी खाणीच्या विहिरीत टाकलंय. काढून बघा.’

कुलूप निघालं. रामा सुटला. अण्णाच्या खटल्यात त्यानंच सोडवलेली माणसं साक्षीला आली. ठेकेदार मागच्या बाकावर बसलेला. एकेक जण सांगून गेला, ‘आमाला कुणी कोंडलंच नव्हतं.’ त्यांना परत त्याच खाणीवर पोट भरायचं होतं, मला कळतं. तरी राग जात नाही. अण्णाला शिक्षा झाली, सनद गेली. ठेकेदाराला एका दिवसाचीही कैद झाली नाही.

मी अण्णालाही माफ केलेलं नाही. त्यानंही स्वतःला केलं नव्हतं. रामा मसणवट्यात आला होता, म्हातारा झालाय. म्हणाला, ‘मानूस लई चांगला. पर उशीर केला सायबानं.’ शोकसभेत एवढं खरं कुणी बोललं नाही.

सुटून आल्यावर अण्णा माझ्याच घरी, बाहेरच्या खोलीत सतरंजी टाकून बसायचा, येईल त्याला फुकट सल्ला द्यायचा. सतरंजी मी अजून उचललेली नाही. काल एक बाई दारात आली. गावच्या पुढाऱ्यानं तिच्या शेजारणीला मारलं होतं, ते हिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. एवढं सांगून तिनं विचारलं,

‘वकीलसायेब हायत का?’

‘नाहीत,’ मी चिडून म्हणाले. ‘कोर्टात उभी राहून हेच सांगणार असशील तर बस. नाहीतर जा.’

ती उंबऱ्याशी चप्पल काढून आत आली आणि सतरंजीवर बसली.