कोंडाबाईच्या साडीचा काठ

लोह्याच्या बसस्थानकासमोर समीक्षाचं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, निकाल, उद्घाटन, श्रद्धांजली, गावाचं सगळं सुखदुःख तिच्या कॉम्प्युटरातून चौकात जाऊन लागतं. काम ती नांदेडच्या एका प्रेसमध्ये शिकली. गिऱ्हाईक आज निळा म्हणतं, उद्या पिवळा. म्हणून मूळ चित्राला ती हात लावत नाही. ते खाली कुलूप घालून ठेवते आणि रंग वर, वेगळ्या लेअरवर, म्हणजे काचेसारख्या पारदर्शक थरावर देते.

त्या दुपारी केरबा लेकीला, करुणाला घेऊन आले. करुणाचं लग्न ठरलं होतं आणि स्वागताच्या फ्लेक्सवर तिला आईचा फोटो हवा होता. आई, कोंडाबाई, परसाल वारली.

"ताई, आमच्या बौद्ध लग्नात घरचे समदे पांढऱ्यात असतील," करुणा म्हणाली. "आई एकलीच ह्या विटक्या लाल साडीत कशी दिसंल? तिलाबी पांढरी नेसवा."

केरबांनी मोबाइल मुठीत घट्ट धरला होता. "एवढा एकच फोटू राहिलाय पोरी. दुसरा हिच्या भावानं घालवला. मायला मोबाइलात गोरी केली अन् तशीच सेव्ह केली. गोरी झाली, पण परत सावळी काय झाली न्हाई."

"काका, हे फोटोवर ओढणी टाकल्यासारखं आहे," समीक्षा म्हणाली. "ओढणी काढली की खाली काकू तशाच."

तिनं साडीची कड जपून आखली, लाल रंग उतरवला, उजेड वाढवला. निऱ्या जिथल्या तिथं राहिल्या. कोंडाबाई पांढऱ्या साडीत उभ्या होत्या. करुणानं पदर तोंडाला लावला.

"लई चांगली दिसून राहिली," केरबा म्हणाले. "पण ही बाई माझ्या वळखीची न्हाई."

समीक्षानं पडद्यावर लेअरपुढचं डोळ्याचं बारकं चिन्ह दाबून पांढरा थर लपवला. लाल साडी परत आली. केरबांनी श्वास सोडला.

"पांढरी दाखव. आता लाल. पुन्हा पांढरी."

"बाबा, लाइटीचं बटन हाय का ते?"

"माळेगावच्या जत्रेत घेतली होती ही," ते लेकीकडं न बघता म्हणाले. "रंग तिला पसंत न्हवता. ह्या मोरपंखी काठावर भुलली." नको असं त्यांना लेकीला म्हणवत नव्हतं.

बारीक ब्रश घेऊन समीक्षानं काठापुरता वरचा पांढरा रंग पुसला. खालचा मोरपंखी काठ हळूहळू वर आला, खांद्यावरून पदरापर्यंत.

करुणानं मान हलवली. "असंच ऱ्हाऊ द्या, ताई."

"खालच्याला कुलूप हाय ना?"

"हाय, काका."

फोटोखाली 'कालकथित कोंडाबाई' ही काळी अक्षरं होती; कालकथित म्हणजे दिवंगत. समीक्षानं काठाचाच रंग उचलून अक्षरांना दिला. केरबा पुढं वाकले, बोटानं पडद्यावर दाखवत म्हणाले, "तेवढा पहिला शब्द फिका कर, पोरी. नाव गडद ऱ्हाऊ दे."