माझ्या सायकलीचं इंजिन

माझा भाऊ अजूनही लग्नाकार्यात, जेवणं उरकून माणसं पानसुपारीला बसली की सांगतो, "हिच्यासाठी मी मोटरवाली सायकल बनवत होतो. त्या काळात." मग सगळे माझ्याकडे कौतुकाने बघतात, काय भाऊ लाभलाय हिला म्हणून. मी हात धुवायचं निमित्त करून उठते. त्या सायकलीचं नाव काढलं तरी माझ्या नाकात रॉकेलचा वास शिरतो.

ऐंशीच्या दशकात आम्ही बोरिवलीला, वझिऱ्याच्या अंगाला एका बैठ्या चाळीत राहत होतो. बाबांची गिरणी बंद पडलेली. दादाला नोकरी लागायची होती आणि ती सारखी लागायचीच असायची. महिन्याच्या महिन्याला घरात पगार यायचा तो एकटा माझा. चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या गोळ्या डब्यांत भरणाऱ्या कंपनीत मी टेम्पररी होते. दिवाळीनंतर आमच्यातल्या काही मुलींना पर्मनंट करणार होते. पर्मनंट म्हणजे रजा, बोनस, फंड, आणि मुख्य म्हणजे उद्या या म्हणतील की नको म्हणतील ही धास्ती संपली. घरात सगळ्यांचे डोळे त्याकडे लागले होते. निदान मला तसं वाटत होतं.

पहिली पाळी सकाळी सातची. आमच्याकडून चारकोपला थेट बस नव्हती आणि सातचा भोंगा झाला की वॉचमन फाटक ओढून घ्यायचा. त्यानंतर आलेल्या मुलीच्या नावापुढे लाल खूण. म्हणून मी एक जुनी लेडीज सायकल घेतली होती. आमच्याच खात्यात मढची एक ख्रिस्ती बाई होती, तिचे गुडघे गेले तशी तिने ती मला दिली. मागच्या चाकाला पदर अडकू नये म्हणून जाळी, साखळीवर पत्र्याचं झाकण, पुढे टोपली. कंपनीची निळी साडी नेसून मी तिच्यावरून आरामात जायचे. एकदाही उशीर झाला नाही. त्या सायकलीत काडीची खोट नव्हती, हे मी आज पुन्हा लिहून ठेवते, कारण तेव्हा ते कुणालाच ऐकायचं नव्हतं.

गणपतीला बाबा आणि दादा गावी गेले. मला रजा नव्हती. गावच्या वाडीत वीज आली होती आणि काकांनी माडांना पाणी द्यायला विजेचा पंप बसवला होता, त्यामुळे जुन्या पंपाचं इंजिन गोठ्यात पडून होतं. पेट्रोलवर सुरू व्हायचं आणि रॉकेलवर चालायचं, ओतीव लोखंडाचं धूड. ते बघून दादाच्या डोक्यात सायकल आली. काकांनी अडगळ गेली म्हणून आनंदाने दिलं असणार.

येताना वर्षाचा उकडा तांदूळ नेहमीसारखा एसटीच्या टपावर चढवला. या दोघांनी इंजिन त्या तांदळाच्या पोत्यावर बांधलं. का, तर पोतं मऊ, इंजिनाला दणके बसू नयेत. ते अख्ख्या घाटातून तांदळावर ठिबकत आलं. आईने घरी पोतं सोडलं, मूठभर तांदूळ नाकाशी नेले आणि म्हणाली, "तांदळाक रॉकेलाचो वास मारता."

"धुतल्यावर जाईल गं," दादा म्हणाला.

तो गेला नाही. पाच पाण्यांनी धुतले, उन्हात पसरले, कडुनिंबाचा पाला घातला. पेज ढवळली की वाफेबरोबर वास वर यायचा. बाबा आणि दादा मात्र मिटक्या मारून जेवायचे आणि जेवतानासुद्धा इंजिनाचंच बोलायचे.

इंजिन मोरीत ठेवलं. दोन माणसांशिवाय हलत नसे, त्यामुळे ते कायमचं तिथेच राहिलं. आंघोळ करताना त्याला टेकू नये म्हणून अंग चोरून बसावं लागायचं. साबणाचं पाणी काळं होऊन पायाशी साचायचं. एका संध्याकाळी मी दमून घरी आले तर माझ्या जेवणाच्या डब्यात सायकलची साखळी रॉकेलमध्ये भिजत घातलेली. मी दादाकडे बघितलं. तो म्हणाला, "झाकण लागतं ना त्याला, म्हणून घेतला." तो डबा मी पुन्हा वापरला नाही. आजही कुणाच्या डब्याला तेलकट वास आला की मला शिसारी येते.

म्हणजे सायकल उघडली होती. मला न विचारता. दादाचं म्हणणं, तुझ्यासाठीच तर करतोय, त्यात विचारायचं काय? दादाचा एक मित्र होता, तो स्वतःला मेकॅनिक म्हणवून घ्यायचा. तो, दादा आणि बाबा रोज संध्याकाळी ओट्यावर बसायचे. खडूने फरशीवर सायकल काढायचे आणि पुसायचे. इंजिन कुठे बसवायचं हे ठरायच्या आधी भोंगा कसला लावायचा यावर त्यांचे वाद व्हायचे. रंग लाल की काळा यावर एकदा मित्र रुसून निघून गेला, त्याला बाबा समजूत घालून परत घेऊन आले. आई चहा देऊन थकली. मी चारकोपला चालत जाऊ लागले.

चालत म्हणजे काळोख असतानाच निघायचं. तरी मध्येच पावसाची सर येई, चप्पल तुटे, आणि फाटक ओढलेलं दिसे. नावापुढे लाल खुणा वाढू लागल्या.

"दादा, सायकल जशी होती तशी जोडून दे," मी म्हटलं.

"थांब ना जरा. एकदा इंजिन बसलं की तू झूम जाशील. कंपनीतल्या पोरी बघत बसतील."

"मला झूम जायचं नाही रे. मला सातला पोचायचं आहे."

"हिला काय कळतंय," मित्र हसून म्हणाला. "यार, हिला सरप्राइज द्यायला पाहिजे होतं."

बाबा त्यांच्या बाजूने बोलले. "इंजिन घरचा आसा. ता काय फुकट जावचा?" घरची मुलगी फुकट चालत होती ते त्यांना दिसत नव्हतं.

दसऱ्याच्या सुमाराला त्यांना शोध लागला की लेडीज सायकलला वरचा दांडा नसतो, त्यामुळे इंजिनाला आधार नाही. मग त्यांनी सायकलची चौकट वेल्डिंगवाल्याकडे नेली आणि आडवा दांडा मारून आणला. दसऱ्याला आईने चौकटीला आणि इंजिनाला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. मी कामावरून आले तेव्हा तिघं तोंडभर हसत उभे होते. सीट लावली होती, चाकं लावली होती.

"बसून बघ," दादा म्हणाला.

मी सायकलजवळ गेले आणि उभीच राहिले. निळी साडी, पायांत निऱ्या, आणि माझ्या कमरेपाशी जाडजूड लोखंडी दांडा. मी पाय कुठून टाकणार होते? तिघांपैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. ज्या बाईसाठी सायकल, ती साडी नेसते. रोज त्यांच्यासमोर नेसून जाते.

"मागून टाक ना पाय, आम्ही टाकतो तसा," दादा म्हणाला.

मला त्यांचा वीट आला आणि मी बाजूला झाले. मग त्यांनी इंजिन उचलून दांड्यावर ठेवलं. दोन्ही टायर चपटे झाले आणि चौकट कुरकुरली. तिघांनी खाली वाकून बघितलं, आणि मित्र म्हणाला की तिसरं चाक लावावं लागेल. संध्याकाळी सायकल पुन्हा सुटी झाली.

दिवाळीनंतर कंपनीत नावं लागली. माझं नव्हतं. सुपरवायझर बाई वाईट नव्हत्या, त्यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "तुझा हात सगळ्यात चांगला होता गं. पण वेळेचं काय सांगू मी वर?" पुढच्या महिन्यापासून येऊ नको, असंही त्यांनीच सांगितलं.

घरी येऊन मी उंबऱ्यातच सांगितलं. आई चुलीपाशी सूप घेऊन बसली होती, ती उठली आणि पुन्हा बसली. बाबांनी मान खाली घातली. ओट्यावर तिसऱ्या चाकाचं चित्र काढलेलं होतं. दादाने हातातला खडू खाली ठेवला, आणि मला वाटलं, आता हा काहीतरी बोलेल.

"म्हणजे आता सकाळची घाई नाही," तो विचार करत म्हणाला. "एका अर्थी बरंच झालं. आता सावकाश, नीट करता येईल तुझी सायकल."

मी आत गेले. आईच्या हातातलं सूप घेतलं आणि रात्रीचे तांदूळ निवडायला बसले. त्यांचा वास अजून तसाच होता.