मशीनवरची लाल रेघ

"सरका!" असं ओरडल्याशिवाय मावशींनी आयुष्यात एक पट्टी कापली नाही. दुकानात दुसरं कुणी नसलं तरी ओरडायच्या. पदर कमरेला खोचायचा, पायातल्या स्पोर्ट शूजची नाडी एकदा बघायची, डावा डोळा मिटायचा, "सरका!" म्हणायचं आणि मशीनचं गोल पातं खर्रकन लाकडावर उतरवायचं. पहिल्यांदा आलेलं गिऱ्हाईक घाबरून खरंच रस्त्यापर्यंत सरकायचं.

बोरीवलीत आमच्या गल्लीत सहा दुकानांची एक रांग होती. त्यात त्यांचं फोटोफ्रेमचं दुकान आणि त्याला लागून माझं मिक्सर, इस्त्र्या, पंखे दुरुस्त करायचं. तुम्ही अशी दुकानं पाहिली असतील. बाहेरून माणसाला ओळखू येत नाही की मालक आत आहे की वस्तूंखाली दबलाय. मावशी मात्र लगेच ओळखू यायच्या. साठीच्या आसपासची, उंचीला बेताची, नऊवारी सोडून पाचवारीत आलेली पण पंजाबी ड्रेसला साफ नकार दिलेली कुडाळकडची बाई, आणि केसांत कायम लाकडाचा भुसा.

दुकान मूळचं त्यांच्या नवऱ्याचं. ते अचानक गेले तेव्हा सगळ्यांनी गृहीत धरलं, आता इथे मोबाईलचं दुकान येणार. चौदाव्या दिवशी मावशींनी शटर उघडलं. नवरा हातकरवतीने कापायचा. मावशींनी वर्षभरात विजेवर चालणारा मायटर सॉ घेतला, म्हणजे पातं हव्या त्या कोनात फिरवून कापायचं मशीन. "त्यांच्या हातात जोर होता. माझ्याकडे नजर आहे," म्हणाल्या.

आणि नजर होतीच. फ्रेमचे चारही कोपरे असे मिळायचे की नखाला फट लागायची नाही. तयार फ्रेम त्या गिऱ्हाईकाच्या हातात द्यायच्या आधी ट्यूबलाइटसमोर धरायच्या, कोपऱ्यावरून अंगठा फिरवायच्या आणि म्हणायच्या, "जोड दिसाक नको." रागात किंवा कौतुकात त्यांची मालवणी बाहेर यायची. मधल्या वेळात आपलं मुंबईचं मराठी.

मला त्या 'शास्त्रज्ञ' म्हणायच्या. कारण एकदा मी त्यांचा बंद पडलेला टेबलफॅन उघडला, फक्त धूळ पुसली आणि तो चालू झाला.

आता त्या रविवारचं सांगतो. घरी स्वयंपाकघरात फळ्या बसवायच्या होत्या, म्हणून मी मशीन मागून आणलं. मावशी कुणाला मशीन द्यायच्या नाहीत. मला दिलं. फळ्या कापल्या, मशीन परत नेताना पुसायला म्हणून आधी माझ्या दुकानात शिरलो आणि हिरव्या उंबऱ्यावर पाय अडखळला. मशीन धाडकन आपटलं. मी इकडे तिकडे पाहिलं. कुणी नव्हतं. चालू करून बघितलं, चाललं. फडक्याने पुसलं आणि नेऊन ठेवलं. "थँक्यू मावशी," म्हणालो. एवढंच म्हणालो.

महिन्याभराने एक सेवानिवृत्त शिक्षिका आपलं मानपत्र परत घेऊन आल्या. "अहो, कोपऱ्यातून भिंत दिसते." मावशी हसल्या. म्हणाल्या, "दाखवा." फ्रेम ट्यूबलाइटसमोर धरली आणि हसू गेलं. केसाएवढी, देताना नजरेतून सुटलेली, पण फट. मग एका घरी भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोचा जोड त्यांनाच उघडा दिसला. मग गणपतीच्या तसबिरीचा.

मावशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्या. त्यांनी सांगितलं, मोतीबिंदूची सुरुवात आहे, पण अजून काही करायची गरज नाही. मावशींनी फक्त सुरुवातीचं वाक्य ऐकलं. नवा चष्मा केला. तो नाकावर, जुना केसांत, आणि दोन्ही लावून कापलं तरी फट होतीच. मशीनला त्यांनी एकदाही दोष दिला नाही. "मशीन कशाला खोटं बोलेल? त्याला काय वय होतं?"

आणि मी? मला त्या आपटण्याची आठवण होती का? होती. पण माणूस स्वतःला किती सफाईने पटवतो बघा. मशीन चालतंय ना? मग झालं.

चिंचवडला त्यांची मुलगी असते. ती फोनवर रोज म्हणायची, "आई, पुरे आता. इकडे ये." आधी मावशी फोन ठेवून हसायच्या. आता ऐकून घ्यायला लागल्या.

एका सकाळी माझ्या काउंटरवर येऊन उभ्या राहिल्या. "शास्त्रज्ञा, हल्ली नव्या मशीनना लेझर असतो म्हणे. लाल रेघ पडते, तिथेच कापायचं. माझ्या मशीनला बसवून दे. आंधळ्याला काठी लागते, तशी मला रेघ."

मी लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून रेघ पाडणारा बोटाएवढा लेझर आणला आणि मशीनच्या डोक्यावर ग्लूने चिकटवला. पातं फिरायला लागलं, मशीन थरथरलं, ग्लू सुटला आणि लेझर वायरला लोंबकळत सगळ्या गल्लीवर रेघा मारत सुटला. समोरचा इस्त्रीवाला गुंडीचं बनियन घालून उभा होता. त्याने छातीवर लाल रेघ पाहिली आणि गरम इस्त्रीसकट दोन्ही हात वर केले. "भाऊ, मैंने कुछ नहीं किया!"

"कामाला लाग रे," मावशी ओरडल्या, "आमचं सायन्स चाललंय!"

दुसऱ्या खेपेला मी पत्र्याची पट्टी वाकवून, स्क्रू मारून लेझर घट्ट बसवला. तो हलेना. पण दुपारच्या उन्हात रेघच दिसेना. म्हणून मावशींनी शटर अर्धं ओढलं आणि आत अंधारात कामाला बसल्या. मावशींचं शटर भर दुपारी अर्धं? अर्ध्या तासात समोरच्या बिल्डिंगमधल्या आजी काठी टेकत आल्या, माझ्यासमोर डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाल्या, "काल तर बोलल्या रे माझ्याशी. कधी गेल्या?"

शटरखालून आवाज आला, "मी खंय जातंय? हंयच आसंय!"

आजी मटकन खुर्चीवर बसल्या. त्यांना पाणी द्यावं लागलं.

शेवटी मी लेझरवर पुठ्ठ्याचं छप्पर केलं आणि रेघ उजेडातही दिसायला लागली. मावशींनी पेन्सिलीची खूण केली, रेघ नेमकी खुणेवर आणली, "सरका!" केलं. चार पट्ट्या कापल्या. जोडल्या. ट्यूबलाइटसमोर धरल्या.

फट.

मावशींनी फ्रेम उलटी करून पुन्हा ट्यूबलाइटसमोर धरली. मग म्हणाल्या, "लेझरलाही मोतीबिंदू झाला काय रे?" विनोद होता, पण आवाज विनोदाचा नव्हता. चहा सांगायला म्हणून त्या बाहेर गेल्या.

मी मशीनवर वाकलो. पट्टी जिला टेकवून कापतात ती मागची लोखंडी आड असते. तिला गुण्या लावला. गुण्याची कडा एकीकडे आणि लाल रेघ दुसरीकडे चालली होती. खूण बरोबर होती, कोनच चुकत होता. आड जागची सरकली होती. मी टॉर्च मारला. आडीच्या टोकाला हिरवा रंग लागला होता, माझ्या उंबऱ्याचा.

खरं सांगायचं तर त्या क्षणी माझ्या हाताने जे केलं त्याची मला आजही लाज वाटते. पाना घेतला, दोन बोल्ट सैल केले, आड गुण्याला लावून सरळ केली, बोल्ट कसले आणि हिरवा रंग नखाने खरवडून टाकला. मावशी चहा घेऊन आल्या तेव्हा मी म्हणालो, "लेझर जरा ॲडजस्ट केलाय. आता बघा."

त्यांनी कापलं, जोडलं, अंगठा फिरवला. नखाला काही लागलं नाही. मावशींनी माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या प्रत्येकाला पेढा आणि लेझरची माहिती मिळाली. इस्त्रीवाल्याला दोन पेढे.

असं पंधरा दिवस मी शास्त्रज्ञ म्हणून मिरवलो. मग एका दुपारी पाहिलं, एक गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत चाललं होतं. मी डोकावलो. मावशी स्टुलावर बसून होत्या.

"काय झालं?"

"लेझरचा ॲडॉप्टर गेला. रेघ पडत नाही."

"मग तसंच कापा की. इतकी वर्षं कापलंत."

"नको रे. माझी नजर गेली. पोरीला कळवलंय, दिवाळीनंतर येते म्हणून. त्या रेघेच्या भरवशावर किती दिवस काढू? तू नसलास तर?"

डावा डोळा मिटायची सवयसुद्धा त्यांनी सोडली होती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

मी म्हणालो, "मावशी, तुमची नजर गेलेली नाही." आणि सगळं सांगितलं. रविवार, उंबरा, आड, हिरवा रंग, पाना. सांगताना मी त्यांच्या बुटांकडे बघत होतो.

"खरा सांग."

"खरंच."

"म्हणजे चार महिने माका खुळी केलंस? मी दोन-दोन चष्मे लावून फिरतंय, देवाक नवस बोलतंय, आणि तू माका लेझर लावतंस?" त्यांनी हातातली पट्टी उगारली. मग खाली ठेवली, उठल्या, बंद लेझर तसाच ठेवून एक पट्टी मशीनवर घातली. डावा डोळा मिटला. त्या दिवशी त्यांनी "सरका" म्हटलं नाही. मी आपणहून सरकलो.

चार तुकडे. जोड. ट्यूबलाइट. फट नाही.

मावशी भिंतीकडे तोंड करून रडल्या. भुशाच्या हाताने डोळे पुसल्यामुळे आणखी रडल्या.

तीन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मध्ये पातळ भिंत, तरी निरोप इस्त्रीवाल्यातर्फे यायचे. "मावशी बोलती है, रेडियो का आवाज कम करो." चौथ्या दिवशी माझ्या काउंटरवर नव्या केलेल्या फ्रेम्स आदळल्या. "उचल. चल माझ्याबरोबर."

तो रविवार होता. आम्ही तीन घरं फिरलो. मावशी बेल वाजवायच्या, नवी फ्रेम द्यायच्या आणि म्हणायच्या, "आता हा बोलेल." मग मी पाठ केलेलं म्हणायचं, "मावशींचं मशीन माझ्या हातून पडलं, मी सांगितलं नाही, म्हणून तुमच्या फ्रेमला फट पडली. चूक माझी." शिक्षिकाबाईंनी चष्म्यावरून पाहत विचारलं, "का नाही सांगितलंस?" पन्नाशीचा मी, त्यांच्या दारात मान खाली घालून उभा. लग्नाच्या फोटोवाल्या जोडप्याला फट दिसलीच नव्हती. मावशी त्यांच्यावरच चिडल्या. "एवढी फट दिसत नाही? लग्न तरी नीट बघून केलंत ना?"

परत येताना रिक्षात त्या म्हणाल्या, "लेझर काढू नको. गिऱ्हाइकांना आवडतो." मुलीला त्यांनी फोन करून सांगितलं, दिवाळीनंतर येत नाही. पुढे पाच वर्षं त्यांनी लाल रेघ चालू ठेवली आणि तिच्याकडे न बघता कापलं.

मग आमच्या रांगेच्या जागी टॉवर उभा राहायचं ठरलं. दुकानं रिकामी झाली. मी दोन गल्ल्या पलीकडे गाळा घेतला. मावशी मशीनसकट चिंचवडला गेल्या.

मी फोन करायचो. "बरं आहे," म्हणायच्या. "पोरगी काही करू देत नाही. सातवा मजला. मशीन बाल्कनीत प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलंय. टीव्ही बघते." आवाज असा, की हाच तो आवाज, हे मला पटायचं नाही.

गेल्या महिन्यात माझ्या गाळ्यात एक बाई आल्या. हातात कागदाची गुंडाळी. नातीने काढलेलं चित्र, शाळेत बक्षीस मिळालेलं. "फ्रेमवाल्या मावशी कुठे गेल्या हो?"

बोरीवलीत बाकी फ्रेमवाले आहेत. मी पत्ता सांगू शकलो असतो. मी म्हणालो, "ठेवून जा."

रविवारी सकाळी चिंचवडची बस पकडली. चार तास ती गुंडाळी मांडीवर आडवी धरून बसलो, चुरगळू नये म्हणून. सातव्या मजल्यावर बेल वाजवली. मावशींनी स्वतःच दार उघडलं. बारीक झाल्या होत्या. पायात घरातल्या मऊ सपाता, केस स्वच्छ विंचरलेले, भुशाचा कण नाही. मी काही बोलायच्या आत त्यांची नजर माझ्या चेहऱ्यावरून खाली उतरली आणि काखेतल्या गुंडाळीवर थांबली.

"किती बाय किती?" त्यांनी विचारलं, आणि हात पुढे केला.